रोजी, रेजा, ब्रास

घर दुरुस्तीला काढलं आणि जुन्या डायरीच्या मागच्या कोऱ्या पानांवर हिशेब लिहायला घेतला. हिशेबाच्या आजूबाजूला बाकीचंही बरंच लिहिलं गेलं. जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत तीस वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासली, लाल शाईनं खुणा केल्या, आक्षेप काढले. पण स्वतःच्या घराचा आकडा समोर आला तेव्हा तो वाजवी आहे की नाही, हे सांगता येईना. ऑफिसात दर आधीच छापलेला असायचा. इथे तो माणसाच्या तोंडून येतो, आणि येता येता माझ्या चपलांकडे, गाडीकडे बघून येतो.

*

तिघं मिस्त्री येऊन गेले. पहिल्यानं भिंतीवर दोनदा बोटांनी ठोकलं, छताकडे पाहिलं आणि "पावणेदोन लाख" म्हणाला. टेप नाही, कागद नाही. दुसऱ्यानं खोल्या पावलांनी मोजल्या अन् १ लाख ३० हजार सांगितले. तिसऱ्यानं लग्नपत्रिकेच्या मागे लिहीत लिहीत माप घेतलं, १ लाख ४८ हजारांवर आला, आणि जाता जाता विचारलं, "सर, तराई कोण करन जी?"

आमच्याकडे प्लास्टरवर पाणी मारण्याला तराई म्हणतात. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीचा पारा ४५ च्या वर जातो, कधी ४७-४८ ला टेकतो. अशा उन्हात प्लास्टर आठवडाभर दिवसातून तीनदा ओलं ठेवलं नाही तर सिमेंट पुरतं घट्ट होण्याआधीच वाळतं आणि भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा येतात. १ लाख ३० हजारवाल्यानं तराई गृहीत धरली होती, माझ्या अंगावर. पावणेदोन लाखवाल्यानं धरली होती की नाही, देव जाणे.

ऑफिसात सर्वांत कमी दराची निविदा उचलायची शिस्त होती. ती इथे मोडली. काम तिसऱ्याला दिलं.

*

सवयीनं सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची काढून बसलो. प्लास्टरचा दर पाहिला, मिस्त्रीच्या दराशी ताडला. तो स्वस्त निघाला म्हणून क्षणभर खूश झालो. मग लक्षात आलं, सरकारी दरात सिमेंट आहे, रेती आहे, परांची आहे, ठेकेदाराचा नफा आहे. मिस्त्रीचा दर नुसत्या मजुरीचा. आंब्याची तुलना आंबराईशी चालली होती.

दरसूचीतली एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. आदिवासी, दुर्गम, नक्षलग्रस्त भागासाठी तिच्यात दरावर वरून टक्केवारी धरायची सोय आहे. म्हणजे अंतराला, रस्त्याला, भीतीला किंमत असते हे सरकार मान्य करतं. तेच आपल्या अंगणात एखाद्या मिस्त्रीनं म्हटलं की आपण त्याला लुच्चा म्हणतो.

*

ब्रास. एकच शब्द, दोन मापं. रेती-गिट्टीचा ब्रास १०० घनफुटांचा, प्लास्टर-रंगाचा १०० चौरस फुटांचा. नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो.

रेतीची ट्रॉली आली. ड्रायव्हर म्हणाला, एक ब्रास. मी टेप लावला. लांबी १० फूट, रुंदी साडेपाच, फाळक्याची उंची दीड. गुणाकार ८२.५. "वरचा ढीग कोन मोजन जी?" ड्रायव्हर म्हणाला. ढीग मोजला, त्याचं म्हणणं निम्मं खरं ठरलं. पण रेती ओलसर होती, आणि ओलसर रेती फुगते. थोडा दमटपणा असला की तेवढ्याच वजनाची रेती २०-२५ टक्के जास्त जागा व्यापते. म्हणजे मी जागा विकत घेत होतो. हे त्याला सांगितलं तर तो मनापासून हसला. नदीतून रेती कोरडी कशी काढायची, हा त्याचा सवाल. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२०२३ च्या धोरणात सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासनं रेती मिळेल असं जाहीर झालं होतं. तो ६०० चा आकडा अजून लोकांच्या तोंडी आहे. जो तो "सरकारी भाव तर सहाशे" म्हणून वाद सुरू करतो. त्यात वाहतूक नव्हती, हे वाद संपल्यावर कोणाला तरी आठवतं. पावसाळ्यात नदीतला उपसा बंद, आणि वैनगंगा तशीही कोणाला आत येऊ देत नाही. म्हणून मेअखेर ज्याच्या अंगणात रेतीचा ढीग आहे तो सावकार.

*

या जिल्ह्यांत मजुरीचा भाव बाजारापेक्षा जंगल आणि शेत ठरवतं. मार्च-एप्रिलला मोहफुलं. पहाटे बाया रानात, त्या दहाशिवाय कामावर येत नाहीत. मेमध्ये तेंदूपत्ता. गड्ड्यांचा हिशेब रोजीपेक्षा बरा पडतो, मग अख्खं गाव पानं तोडायला. जुलै-ऑगस्टला धानाची रोवणी. तेव्हा मिस्त्री सापडतो, रेजा, म्हणजे त्याच्या हाताखालची बाई, सापडत नाही. दिवाळीच्या आसपास धान कापणी. जानेवारी ते मार्च निम्मं गाव मिरची तोडायला तेलंगणात. मधे ज्या फटी उरतात त्यांत घरं बांधली जातात.

त्यातून दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, आणि नाटकं. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं ठाणं. रात्रभर चालणारी नाटकं आणि पहाटे विझणारे दिवे. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या वीजवाल्यानं पेढे वाटले होते. त्या पेढ्यांचं कारण पुढे कळलं. स्वतः गडी गावातल्या नाटकात खलनायक. डिसेंबरात त्याला बोलवायचं तर आदल्या रात्री कुठे प्रयोग नाही ना, हे आधी विचारावं. तो म्हणतो, "उजागरी झाली की वायर लाल का हिरवी, कळत नाही जी." त्या दिवसांत त्याचा दर वाढत नाही, तो नुसता येत नाही. दर वाढवणं हा त्यातल्या त्यात सभ्य मार्ग.

आणि सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीकडच्या गावांत वाघ. तिथला मजूर मोटरसायकलवर रानातून घरी जाणार, तो पाचला घमेलं ठेवतो म्हणजे ठेवतोच. हिवाळ्यात साडेचारला. आठ तासांच्या रोजीत साडेसहा तास काम होतं. या दीड तासाचे पैसे कोणी कापावेत? मी तरी कापले नाहीत. संध्याकाळी सहाला त्या रस्त्यानं मी स्वतः गेलो असतो का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारला.

*

घासाघीस केल्याशिवाय घेतलं तर फसलो असं वाटतं. हा आमच्या पिढीचा रोग. मिस्त्री आणि रेजा अशी जोडी रोजच्या १२०० नं ठरत होती. ८०० त्याचे, ४०० तिचे. मी ११५० वर आणली. घरात येऊन सौभाग्यवतीला सांगितलं, दिवसाला ५० वाचवले. तीस दिवसांचे दीड हजार.

शनिवारी हप्ता वाटताना ओट्यावर बसून पाहत होतो. मिस्त्रीनं स्वतःचे ८०० च्या हिशेबानं ठेवले आणि रेजाच्या हातावर ३५० च्या हिशेबानं ठेवले. ती काही बोलली नाही. नोटा पदराच्या गाठीत बांधल्या, हातपाय धुतले आणि गेली.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी तिची घमेली मोजली. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून. मसाला कालवण्याच्या जागेपासून परांचीपर्यंत वीस पावलं, मधे दोन पायऱ्या. तासाभरात ३८ फेऱ्या. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर भरलेलं घमेलं, आणि वर उभ्या मिस्त्रीनं वाकून उचलेपर्यंत हात उंचावून थांबायचं. ती थांबायची तेव्हा मान ताठ, डोळे मात्र दाराकडे. तिथे सावलीत तिचं लेकरू झोपलेलं. त्याच अंगणात एक पोरगा कुली म्हणून होता. घमेली तीच, पावलं तीच, त्याला ५००. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच आला. मिस्त्रीला सांगितला. "पद्धतच हाये जी सर," तो म्हणाला. मला राग आला आणि लगेच ओसरला, कारण ५० रुपये कापायला लावणारा मीच.

सोमवारपासून ते ५० तिला मी वेगळे द्यायला लागलो. यानं मिस्त्री नाराज झाला. मालकानं परस्पर पैसे दिले की उद्या दुसऱ्या घरी रेजा मागतील, तिथला मालक देणार नाही, बोल मला. त्याचंही चूक नव्हतं. शेवटी जोडी पुन्हा १२०० वर आली आणि दीड हजारांची बचत डायरीतून खोडली.

*

ठेक्यानं द्यावं की रोजीनं? ठेक्यात काम पळतं, रोजीत काम बसतं, असं सगळे सांगतात. प्लास्टरचं गणित मांडून पाहिलं. एक मिस्त्री, एक रेजा, साधी भिंत, दिवसाला ८० ते १०० चौरस फूट. ९० धरले तर १२०० भागिले ९०, म्हणजे साधारण सव्वातेरा रुपये फूट. ठेक्याचा दर त्यानं १६ सांगितला होता. वरच्या पावणेतीन रुपयांत परांचीचे बांबू, घासलेली थापी, पावसाचा एक दिवस, आणि कोपऱ्यात भिंत वाकडी निघाली तर दुप्पट मसाला थापायचा धोका. मला ते महाग वाटलं नाही. प्लास्टर ठेक्यानं दिलं. जुनं फोडायचं काम मात्र रोजीनं, कारण आत काय निघेल हे त्यालाही दिसत नव्हतं आणि मलाही. न दिसणाऱ्या कामाचा ठेका घेणारा एक तर जास्त लावतो, नाही तर अर्ध्यावर पळतो.

*

माप घ्यायला बसलो. खोली १० बाय १२, उंची १०. चार भिंतींची बेरीज ४४ फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. मी दार आणि खिडकी वजा केली. दार साडेतीन बाय सात, साडेचोवीस; खिडकी चार बाय चार, सोळा. बाहेरच्या बाजूनंही वजा करायला लागलो तर त्यानं पेन्सिल धरली. एकाच बाजूची वजावट होते म्हणे. दुसऱ्या बाजूच्या बदल्यात दाराखिडकीच्या काठाचं प्लास्टर फुकट.

मला वाटलं, सापडला. रात्री मोजमापाचं भारतीय मानक काढलं, १२०० क्रमांकाचं. त्यात तेच. अर्धा चौरस मीटरपर्यंतची भोकं वजाच करायची नाहीत. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतची एकाच बाजूनं करायची, काठाचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. दार, खिडकी दोन्ही त्यातच बसतात. बिलं तपासताना मी हे शंभरदा पाहिलं असेल. सातवी शिकलेल्या माणसाला ते हातानं माहीत होतं, मला कागदानंही आठवलं नाही.

सकाळी त्याला चहा दोनदा झाला.

*

सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दिवाळीनंतर बाथरूमचं काम साहित्यासकट दिलं होतं. शेजारच्या ओट्यावर लगेच चर्चा, दर कमी करून घ्या. कागदावर मांडलं. ३५० चं पोतं साधारण २७ रुपयांनी उतरतं. १०० चौरस फूट प्लास्टरला पोतं एक. म्हणजे फुटामागे २७ पैसे. यासाठी माणसाशी तोंड वाजवायचं नाही असं ठरवलं. दोन मिनिटांनी मन पुन्हा कुरकुरलं, ते वेगळं.

*

हार्डवेअरच्या दुकानात मिस्त्रीला कमिशन असतं, हे उघड गुपित. ते वाचवायला मी स्वतः यादी घेऊन गेलो. पाऊण इंची एल्बो हवे होते, अर्धा इंची आणले. परत गेलो. सोल्यूशनची डबी राहिली. परत गेलो. दोन अर्धे दिवस, पेट्रोल, आणि नळवाल्याची एक रोजी फुकट. कमिशनचे फार तर चारशे वाचले असते. टाइल्सच्या वेळी मात्र त्याला सोबत नेला आणि बरं केलं. दोन बाय दोनची टाइल, पेटीत चार, म्हणजे पेटीला १६ चौरस फूट. १२० फुटांची खोली, साडेसात पेट्या, कापाकापी धरून नऊ. दुकानदार दहा-अकरा घ्याच म्हणत होता. मिस्त्री म्हणाला, नऊ. नऊच लागल्या, वर दोन टाइल उरल्या.

*

सुतार हा वेगळा प्राणी. त्याच्याशी भांडताना आपण लाकडाशी भांडतो.

पाच बाय तीन इंचाची चौकट. उभे दोन सात-सात फुटांचे, आडवा चार फुटांचा, कानांसकट. एकूण १८ फूट. पाच त्रिक पंधरा, अठरा पंधरा २७०, भागिले १४४. घनफूट आलं १.८७. सुतारानं सांगितलं अडीच. फरक पाऊण फुटाला थोडा कमी, आणि सागवानाचा फूट चार हजारांच्या वर. म्हणजे एका चौकटीत अडीच हजार कुठे तरी जातात.

आरामशीनवर त्याच्यासोबत गेलो. पहिलं पातं फिरलं तेव्हाच भुशाचा ढीग पडला. पातं दर कापाला आपल्या जाडीएवढं लाकूड खातं. मग कडेचा पांढरा भाग आला. तो ठेवला तर दोन पावसाळ्यांत उधई लागते, म्हणून तो बाजूला. मग एका टोकाला चीर. सुतारानं चीर संपते तिथे नख ठेवलं, त्याच्या चार बोटं पुढून कापायला सांगितलं. मी म्हटलं, नखापासूनच काप ना. तो म्हणाला, "दिसते तिथं चीर संपत नाही जी." संध्याकाळी सगळं जुळवून मोजलं तर खरंच अडीचच्या आसपास लागलं होतं. उरलेल्या तुकड्यांचे दोन पाट करून दे म्हटलं. त्यानं एक केला, दुसरा तुकडा घरी नेला. चालायचंच.

गोल लाकडाचं मापच मुळात नुकसान धरून केलेलं आहे. घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं. भूमितीनं खरं घनफळ काढलं तर हे त्याच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच भरतं. बाकीचं साल, फळकुटं, भुसा म्हणून आधीच सोडून दिलेलं. व्यापारात एवढा प्रामाणिक हिशेब दुसरीकडे पाहिला नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान वाजतगाजत गेलं. तेव्हापासून आलापल्लीपासून नागभीडपर्यंत प्रत्येक सुताराकडचं लाकूड "तेच" असतं, आणि फुटामागे दोनशे जास्त असतं. वाहतुकीचा परवाना बघायला मागितला की "त्याच्या बाजूचं हाये जी" होतं.

*

गावच्या घराचे कवेलू. मूलच्या पुढे आमचं जुनं घर आहे, मातीच्या भिंती, वर देशी कवेलू, म्हणजे कौलं. मृगाच्या आधी दरवर्षी कवेलू फेरावे लागतात. वरचे काढायचे, झाडायचे, फुटके बाजूला, धड असलेले पुन्हा एकावर एक. पूर्वी हे अदलाबदलीनं व्हायचं. तुमच्या छपरावर आम्ही, आमच्या छपरावर तुम्ही, वर मटकीची उसळ. आता गावात छपरावर चढणारे दोघं उरलेत, दोघंही साठीच्या पुढे. त्यांनी यंदा चार दिवसांचे ५००० मागितले. मुलगा फोनवर म्हणाला, एवढ्यात टिनाचे पत्रे येतील.

येतील. आणि मे महिन्यात त्या पत्र्याखाली कोण बसेल?

पत्र्याचा खर्च एकदाचा, कवेलूचा दरवर्षीचा, वर माकडांचा वेगळा. एक टोळी आली की शंभरेक कवेलू जमिनीवर. कुंभार नवे कवेलू करत नाहीत, पडक्या घरांतले शोधून आणावे लागतात. म्हातारा छपरावर कसा चालतो ते पाहायला मिळालं. तो कवेलूवर पाय देत नाही; खालचा फाटा कुठे आहे ते त्याला वरून कळतं आणि पाय नेमका तिथेच पडतो. अनवाणी. मी खालून कवेलू देत होतो तर म्हणाला, वाजवून दे. टिचकी मारली की पक्का खणखणतो, चिरलेला भद्द वाजतो. ५००० दिले. त्यानं १०० परत केले, "चहाचे तुमचे."

*

नळाचा वायसर दहा रुपयांचा. बदलायला ३०० घेतले. घरात सगळे खवळले. माणूस बारा किलोमीटरवरून आला, बेसिनखाली पाठीवर झोपून गंजलेलं नट वीस मिनिटं सोडवत बसला, अंगठ्याचं सालपट काढून गेला. तेवढ्यासाठी त्याचा अर्धा दिवस गेला, कारण त्या दिवशी या बाजूला दुसरं काम नव्हतं. चिल्लर कामाला चिल्लर दर नसतो. यावरचा माझा उपाय साधा: टपकणारा नळ, सैल बिजागरी, ढिलं बटण सगळं महिनाभर साठवून ठेवायचं आणि एकदाच बोलवायचं. त्यात नळ महिनाभर टपकतो, ही अडचण आहे.

*

चंद्रपुरात परकोटाच्या आत, जटपुरा गेटपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर बहिणीचं घर. जुन्या भिंतींत चुना आणि माती. तिला कोणीतरी स्वस्तात सिमेंट प्लास्टर करून दिलं. पहिल्याच पावसानंतर भिंत फुगली, दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे हातात आले. चुन्यामातीच्या भिंतीला श्वास लागतो. ओल आत शिरते तशी बाहेर जावी लागते. वर सिमेंटचं कातडं चढवलं की ओल आतच कुजते. ज्यानं चुन्याचं काम सांगितलं होतं तो दीडपट मागत होता, म्हणून त्याला घालवलं. आता सिमेंट फोडायचे पैसे वेगळे. बहीण म्हणते, भाव बरोबर होता, काम चुकीचं होतं.

तिच्याकडेच पाहिलं, नव्या भिंतीला राखेच्या विटा. शहराशेजारी २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र राख ओततंय, विटांना तोटा नाही. वीट एकसारखी, म्हणून प्लास्टर पातळ बसतं, सिमेंट वाचतं. लाल विटेच्या वाकडेपणाचे पैसे मसाल्यात जातात, आणि ते कोणी बिलात दाखवत नाही.

*

भामरागडकडे एक मित्र मास्तर आहे. त्यानं बाथरूम बांधलं. आलापल्लीपासून पुढे ६०-६५ किलोमीटर जंगल, आणि पर्लकोटेला पूर आला की संपर्कच तुटतो. सिमेंट पावसाआधी नेऊन ठेवावं लागलं. ठेवलं तर दमट हवेत चार पोत्यांचे दगड झाले. त्या दगडांची किंमत बाथरूममध्येच धरायची. मिस्त्री सिरोंच्याकडचा, तेलुगू बोलणारा. दर विचारला तर मास्तर म्हणाला, "दर नाही रे, तो आला हेच."

*

घरकुलवाल्यांचं गणित आणखी अवघड. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात प्रधानमंत्री आवासचं अनुदान १ लाख ३० हजार. घर निदान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट. मिस्त्रीनं मजुरीच ३०० रुपये फूट धरली तर ८० हजार ७०० तिथेच. रोजगार हमीतून ९०-९५ दिवसांची मजुरी मिळायची, २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये रोज, म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस हजार. शौचालयाचे १२ हजार वेगळे. माझ्या अंगणात ८०० घेणारा मिस्त्री त्याच गावात घरकुलाला जातो तेव्हा ६०० घेतो. विचारलं, हा भेद कशाला? म्हणाला, "त्यायच्याकडून जास्त भेटत नाही अन् तुमच्याकडून कमी घेववत नाही."

*

धानोऱ्याकडून परत येताना मेंढा-लेखा लागलं. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबू वाहतुकीचा परवाना स्वतः द्यायचा अधिकारही. तेव्हापासून बांबू कोणाला, काय भावानं, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरतं. आमच्या रस्त्यावर बारा घरं आहेत. बाराही घरांत गेल्या पाच वर्षांत कुठलं ना कुठलं काम निघालं. कोणी किती दिले, हे एकालाही दुसऱ्याचं धड माहीत नाही.

*

मिस्त्रीनं एक कागद पुढे केला. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पोरीला शिष्यवृत्ती मिळते म्हणे. माझ्या आत तीस वर्षांचा लेखापाल जागा झाला. माझ्याकडे काम झालं ३४ दिवस. मी पेन खाली ठेवून समजावायला लागलो की खोटा दाखला देणं कसं बरोबर नाही, पुढे चौकशी होते, वगैरे. तो शांतपणे ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "चौतीसच लिहा म्हणत होतो जी. बाकीचे दुसऱ्याकडचे हायेत." खिशातून आणखी दोन घरमालकांचे कागद काढले. ४१ आणि १९.

बेरीज मीच केली. ९४.

*

रंग झाला, अंगण धुतलं, शेवटचे ७००० दिले. सगळं मिळून १ लाख ६१ हजार. ठरल्यापेक्षा १३ हजार जास्त. त्यातले आठ माझे, मधेच बेसिनची जागा बदलायला लावल्याचे. पाच कोणाचे, ते अजून सापडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेजारचे आले. भिंतीवरून हात फिरवला, कोपरे पाहिले, बरं केलंय म्हणाले. मग विचारलं, किती लागले?

का कोण जाणे, मी १ लाख ४० हजार सांगितले.

आठवड्यानं संध्याकाळी मिस्त्री फाटकाशी उभा. आत ये म्हटलं, आला नाही. सायकल धरूनच विचारलं,

"सर, तुमी बाजूवाल्या काकाले किती सांगतले जी?"